नोकरी करणारी आई : तिचे हक्क आणि त्यांचा भार



नौपाड्यांत आमच्या बिऱ्हाडासमोर एक जुनी इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर पाळणाघर चालतें. सकाळीं सातच्या सुमारास मी सज्जांत चहा घेत बसलेला असतों, त्या वेळीं तेथें मुलांच्या माता येऊं लागतात. कडेवर मूल, एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातांत बाटल्यांची आणि लंगोटांची पिशवी. मूल आंत देतांना फार वेळ थांबून चालत नाहीं. थांबलें तर मूल रडूं लागतें, आणि स्टेशनावरची गाडी तर कोणासाठींच थांबत नाहीं. एके दिवशीं एक तरुण बाई मूल देऊन निघाली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, तेथून परत आली आणि बंद दाराला कान लावून उभी राहिली. आंतलें रडणें थांबल्याची खात्री होतांच ती ओढणी सांवरीत धांवत सुटली. मूल असेल सहा-सात महिन्यांचें. म्हणजे कायद्यानें मिळणारी सव्वीस आठवड्यांची रजा नुकतीच संपलेली.

नोकरी करणाऱ्या आईला कायद्यानें काय दिलें आहे, तें केव्हां आणि कोणाच्या खटपटीनें मिळालें, आणि मिळूनहि पुष्कळ जणींच्या पदरांत कां पडत नाहीं, हें आज माझ्या अल्प माहितीप्रमाणें सांगावयाचें आहे. मी वकील नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर प्राथमिक शाळेंत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविणारा मास्तर. या विषयाकडे मी वळलों तो विद्वत्तेमुळें नव्हे, माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें. ती आधीं सांगतों.

२००४ सालीं एका लहानशा पतपेढीचा मी मानद चिटणीस होतों. शाळामास्तराला अशीं कामें चिकटतातच. पेढींत बारा-तेरा माणसें पगारावर होतीं. त्यांत एक मुलगी हंगामी कारकून होती. तिची नेमणूक सहा सहा महिन्यांची; मुदत संपली कीं एक दिवस खंड पाडावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं नवा हुकूम द्यावयाचा. अशीं तिचीं अडीच वर्षें भरलीं होतीं. एके दिवशीं बाळंतपणाच्या रजेसाठीं तिचा अर्ज माझ्यापुढें आला. अक्षर सुंदर, मजकूर आदबशीर. मीं त्यावर लाल शाईनें शेरा मारला : ‘हंगामी सेवकांस रजा देय नाहीं.’ ती कांहीं बोलली नाहीं. महिनाअखेर हिशेब घेऊन निघून गेली. आपण नियम सांभाळला अशा समाधानांत मी त्या रात्रीं स्वस्थ झोंपलोंहि.

पुढें चार-पांच वर्षांनीं एका वकील स्नेह्याशीं बोलतां बोलतां मला कळलें कीं, तो शेरा सपशेल बेकायदेशीर होता. दिल्ली महानगरपालिकेच्या रस्त्यांच्या कामावर रोजंदारीनें राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें ८ मार्च २००० रोजींच निकाल दिलेला होता. बाईचें नांव कायम सेवकांच्या यादींत असो कीं नुसत्या हजेरीपटावर असो, प्रसूतीचा लाभ तिला आहेच. १९६१ चा कायदा कायम आणि हंगामी असा भेद करीत नाहीं, असें त्यांत स्वच्छ सांगितलें होतें. त्या वेळच्या कायद्यानें बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलें असलें म्हणजे पुरे होतें. आमच्या त्या मुलीचीं अडीच वर्षें झालीं होतीं! ‘मला ठाऊक नव्हतें’ ही सबब मीं वर्गांत कोणाचीच कधीं ऐकून घेतली नाहीं. मीं तिचा पत्ता काढण्याचा प्रयत्न केला, पण ती मंडळी ठाणें सोडून गेलीं होतीं. तेव्हांपासून या कायद्याचा जो कागद हातीं येईल तो मी वाचीत आलों आहें.

वाचूं लागलों आणि पहिलें आश्चर्य हें वाटलें कीं, हा कायदा आपल्याच परिसरांत जन्माला आला. ठाण्याहून गाडींत बसलें कीं तासाच्या आंत जें परळ-लालबाग लागतें, त्या गिरणगांवांत त्याचें मूळ आहे. आज तेथें उंच मनोरे आहेत. परंतु १९२० नंतरच्या काळांत मुंबईच्या कापड-गिरण्यांत दर पांच कामगारांमागें सुमारें एक स्त्री असे. कोंकणांतून, घाटावरून आलेल्या या बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत काम करीत. बाळंतपण आलें म्हणजे कळा सुरू होईपर्यंत कामावर जावयाचें आणि अंगांत थोडी ताकद येतांच पुन्हां यंत्रापुढें उभें राहावयाचें, कारण मधल्या दिवसांचा पगार नाहीं. तान्हें मूल चाळींत ठेवावें तर सांभाळणार कोण? त्यासाठीं बाळगोळी असे. या गोळींत अफू असे. मूल दिवसभर झोंपून राही. कांहीं मुलें कायमचीं झोंपत. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारनें डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करविली, तिच्यांत या अफूचा मुद्दा ठळकपणें आलेला आहे. समोरच्या पाळणाघरांतलें रडणें ऐकतांना मला पुष्कळदां त्या न रडणाऱ्या मुलांची आठवण होते.

या प्रश्नाला कायद्याचें रूप देण्याची खटपट प्रथम ना. म. जोशी यांनीं केली. जोशी हे मूळचे कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे, आणि सांगण्यास मला अभिमान वाटतो कीं, कामगार-चळवळींत पडण्यापूर्वीं कांहीं वर्षें तेहि शिक्षकच होते. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय श्रम-परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें, त्यास हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून ते गेले होते. त्या परिषदेनें बाळंतिणीसाठीं एक करार संमत केला : प्रसूतीपूर्वीं सहा व नंतर सहा आठवडे विश्रांति, त्या काळांत निर्वाहापुरता पैसा, नोकरीची हमी, आणि अंगावर पिणाऱ्या मुलासाठीं कामाच्या वेळांत रोज दोन अर्ध्या अर्ध्या तासांच्या सुट्या. त्या करारांतील एक वाक्य पुढें फार महत्त्वाचें ठरणार आहे, म्हणून तें येथेंच सांगून ठेवतों. निर्वाहाचा हा पैसा सरकारी खजिन्यांतून अथवा विम्याच्या योजनेंतून द्यावा, असें त्यांत होतें.

जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत विधेयक आणलें. तें फेटाळलें गेलें. मग तोच प्रयत्न मुंबई इलाख्यांत झाला. मुंबईचे सभासद आसवले यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत विधेयक मांडलें, आणि १९२९ सालीं तें कायदा होऊन बाहेर पडलें. प्रसूति-लाभाचा हिंदुस्थानांतील हा पहिला कायदा. दुसऱ्याच वर्षीं मध्यप्रांतानें त्याचें अनुकरण केलें. मुंबईच्या कायद्यानें मिळे तें काय? रोज आठ आणे, जास्तींत जास्त सात आठवडे. एकूणपन्नास दिवसांचे साडेचोवीस रुपये. आज हंसूं येईल. पण ज्या बाईला त्यापूर्वीं एक पैहि मिळत नव्हती, तिच्या चुलीला ते साडेचोवीस रुपये ठाऊक होते.

या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांच्या भाषणाचा आशय असा कीं, प्रसूतीच्या आधीं व नंतर आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. म्हणून याचा भार खरें पाहतां बहुतांशीं सरकारनेंच उचलला पाहिजे, कारण प्रजेच्या कल्याणाची काळजी हें मुख्यतः सरकारचें काम. परंतु एवढ्यानें मालक अजीबात मोकळा होत नाहीं. तो स्त्रियांना कामावर घेतो तें त्यांत त्याचा फायदा आहे म्हणूनच, तेव्हां भाराचा कांहीं अंश त्याच्याहि वांट्याला आला पाहिजे. किती मोजून-मापून मांडलेला विचार! प्रत्यक्षांत मात्र झालें तें असें कीं, सरकारनें स्वतःच्या डोक्यावर कांहीं घेतलें नाहीं आणि सगळें ओझें एकट्या गिरणीमालकाच्या खात्यावर लिहिलें गेलें. वॉशिंग्टनच्या करारांतलें तें वाक्य वाटेंतच गळून पडलें.

आणि माझ्या मतें पुढल्या शंभर वर्षांच्या कुरकुरीचें बीज तेथेंच पेरलें गेलें. ज्याच्या दारांत बाई कामाला, त्यानेंच एकट्यानें तिच्या बाळंतपणाचा खर्च द्यावयाचा, असें ठरलें म्हणजे खर्च वांचविण्याची सोपी युक्ति कोणती? बाईच ठेवावयाची नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतलें स्त्रियांचें प्रमाण १९३० नंतर घसरत गेलें आणि अर्ध्या शतकांत अगदीं थोडें उरलें. त्याचीं कारणें अनेक होतीं : नवीं यंत्रें आलीं, स्त्रियांना रात्रपाळीची बंदी होती, खातींच कमी झालीं. सगळें खापर या कायद्यावर फोडणें अन्यायाचें होईल. परंतु मालकांच्या बाजूनें तो नेहमीं पुढें केला जाई, हेंहि खरें.

पुढें हीच युक्ति निराळ्या वेषांत न्यायालयांपुढें आली. मुंबईंतील एका औषध-कंपनीचा नियम होता कीं, पॅकिंग खात्यांतील मुलीनें लग्न केलें कीं तिची नोकरी संपली. कारण काय, तर लग्न झालेल्या बायकांच्या गैरहजेऱ्या फार होतात. बॉम्बे लेबर युनियननें हें प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलें आणि १९६५ सालीं तो नियम रद्द झाला. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईच्या जागीं कांहीं राखीव माणसें ठेवतां येतात, त्यासाठीं लग्नालाच बंदी घालण्याचें कारण नाहीं, हें न्यायालयानें सांगितलें. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींची नोकरी पहिल्या गर्भारपणाबरोबर संपत असे; तो नियम १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मोडून काढला. या दोन्ही नियमांच्या मुळाशीं हिशेब एकच होता, आणि तो हिशेब आजहि कित्येक मुलाखतींत, ‘लग्नाचा विचार काय आहे?’ या वरवर साध्या प्रश्नामागें दडलेला असतो.

आतां सध्यांचा कायदा. १९६१ सालीं सर्व देशासाठीं प्रसूति-लाभ कायदा झाला. त्यांतील बारा आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीनें सव्वीस आठवडे झाली. हा कायदा आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली आहे. नांव बदललें तरी मुख्य तरतुदी त्याच आहेत. कारखान्यांना त्या लागू आहेत, तशाच दहा किंवा अधिक माणसें असलेल्या दुकानांना व कचेऱ्यांनाहि. अपेक्षित प्रसूतीच्या आधींच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलें असलें कीं हक्क उत्पन्न होतो. सव्वीस आठवड्यांपैकीं जास्तींत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वीं घेतां येतात. ज्या बाईला दोन मुलें हयात आहेत, तिला पुढल्या खेपेस बारा आठवडे. रजेच्या काळांत तिच्या सरासरी दैनिक वेतनाप्रमाणें पैसे मिळतात. प्रसूतीपूर्वींच्या दिवसांचे आगाऊ, आणि उरलेले, मूल झाल्याचा दाखला दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आंत. हे अठ्ठेचाळीस तास पुष्कळांना ठाऊक नसतात. रजा संपून बाई कामावर आली कीं मग बघूं, असें सांगण्याची चाल आहे, ती बेकायदेशीर आहे. मालकानें बाळंतपणाची वैद्यकीय सोय केली नसेल तर साडेतीन हजार रुपये वेगळे.

गर्भपात झाला तर सहा आठवडे रजा आहे. हें मी मुद्दाम सांगतों, कारण ही रजा मागण्याचा संकोच फार असतो आणि बाई आठ दिवसांत डोळे पुसून कामावर येते. गरोदरपणामुळें अथवा प्रसूतीमुळें आजार उद्भवला तर आणखी एक महिना मिळतो. परत आल्यावर मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत त्याला पाजण्यासाठीं रोज दोन वेळां सुटी आहे. जेथें पन्नास किंवा अधिक माणसें काम करतात, तेथें पाळणाघराची सोय ठेवली पाहिजे, आणि आईला दिवसांतून चार वेळां तेथें जाऊं दिलें पाहिजे. आमच्या समोरच्या पाळणाघरांत मूल देऊन फोर्टांत जाणाऱ्या बाईला त्या चार वेळा कशा मिळाव्या? तिच्या कचेरीनें सोय करावयाची ती कचेरीच्या जवळपास. आणि लोकलच्या गर्दींतून तान्हें मूल रोज ठाण्याहून बोरीबंदरला नेणें हें मला तरी क्रूरपणाचें वाटतें. संहितेनें एक वाट मोकळी ठेवली आहे ती अशी कीं, कामाचें स्वरूप तसें असेल तर रजा संपल्यावर कांहीं काळ घरून काम करण्याचें मालक आणि सेविका यांनीं आपसांत ठरवावें. करोनाच्या सांथींत पुष्कळ कचेऱ्यांचें काम घरून चाललें, तेव्हां तें अशक्य आहे असें म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं.

रजेवर असतांना बाईला कामावरून काढणें, किंवा त्या रजेच्या कारणानें तिच्या नोकरीच्या अटी तिला जाचक होतील अशा बदलणें, हें बेकायदेशीर आहे. गरोदर असतांना काढून टाकली तरी तिचा लाभाचा हक्क बुडत नाहीं. पत्र दिलें नाहीं, मुदतींत कळविलें नाहीं, एवढ्यावरूनहि हक्क जात नाहीं.

एवढें सगळें पुस्तकांत असून पदरांत कां पडत नाहीं, याचें उत्तर मी आमच्याच पतपेढीच्या उदाहरणानें देतों. समजा, बारा माणसांच्या कचेरींत एका कारकून बाईचा पगार तीस हजार आहे. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. एक लाख ऐंशी हजार रुपये तिला द्यावयाचे, आणि तिच्या जागीं आलेल्या बदली माणसाला आणखी तितकेच. मोठ्या कंपनीला हें जाणवणारहि नाहीं. लहान पेढीच्या चिटणिसाच्या पोटांत मात्र गोळा येतो. मी त्याची बाजू घेत नाहीं. मीं स्वतः काय केलें तें सांगितलेंच आहे. पण त्या खुर्चींत मी बसलों होतों, म्हणून एवढें कळतें कीं, नुसता दंडाचा धाक दाखवून ही भीति जाणार नाहीं. ती जाईल भार वांटून घेतला तर.

आणि भार वांटून घेण्याची व्यवस्था आपल्या देशांत अस्तित्वांत आहे! १९४८ सालीं कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ पासून कानपूर व दिल्ली येथें ती योजना सुरू झाली. ठाण्याच्या वागळे इस्टेटींत या विम्याचें रुग्णालय आहे, तें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. २०१९ पासूनच्या दरानें या विम्यासाठीं वेतनाचे शेंकडा सव्वातीन टक्के मालक भरतो आणि पाऊण टक्का कामगार. वीस हजार पगार असेल तर मालकाचे साडेसहाशें आणि कामगाराचे दीडशें. बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांचें वेतन मालकाच्या गल्ल्यांतून जात नाहीं, विम्याच्या निधींतून येतें. यांतील खुबी अशी कीं, वर्गणी पुरुषावरहि तितकीच आणि स्त्रीवरहि तितकीच. बाईच्या ऐवजीं पुरुष ठेवून मालकाचा एक रुपयाहि वांचत नाहीं. १९१९ च्या करारानें जें सुचविलें, तें हेंच. अडचण एवढीच कीं, या विम्याला वेतनाची मर्यादा आहे. २०१७ सालीं ती महिना एकवीस हजार ठरली. त्यावर पगार गेला कीं बाई विम्याच्या छत्राखालून निघून पुन्हां एकट्या मालकाच्या हिशेबवहींत येते. २०१८ सालीं केंद्रीय श्रम-मंत्रालयानें सात आठवड्यांचें वेतन मालकांना परत करण्याची योजना बोलून दाखविली होती. ती अंमलांत आली नाहीं. माझें मत विचाराल तर विम्याची ही मर्यादा निदान प्रसूतीपुरती तरी काढून टाकावी. हें मत चिटणिसाचें आहे, अर्थशास्त्रज्ञाचें नव्हे.

दहापेक्षां कमी माणसें जेथें आहेत, तेथली गोष्ट आणखी वेगळी. समोरच्या पाळणाघरांत मालकीणबाईंच्या हाताखालीं दोन मदतनीस आहेत. दुसऱ्यांचीं मुलें सांभाळणाऱ्या या दोघींना स्वतःच्या बाळंतपणाची रजा कायद्यानें मिळत नाहीं. आमच्या भागांत पोळीभाजीचीं केंद्रें जागोजाग आहेत; तेथें पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बायका, घरोघर धुणीं-भांडीं करणाऱ्या मावशी, आजाऱ्यांपाशीं रात्रपाळीला बसणाऱ्या ब्यूरोच्या बाया, यांच्यापैकीं बहुतेकींची तीच कथा. घरेलू कामगारांसाठीं महाराष्ट्रानें २००८ सालीं कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यांत दोन अपत्यांपर्यंत प्रसूतीसाठीं मदतीची तरतूद आहे, पण नांवनोंदणी झालेली असली पाहिजे. केंद्र सरकारची मातृवंदना योजना पात्र स्त्रीला पहिल्या मुलासाठीं पांच हजार रुपये देते, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. आपल्या घरीं कामाला येणाऱ्या बाईला हें विचारून पाहावें. तिनें अर्ज केला आहे का? अर्ज भरण्यास आपल्या घरांतील शिकलेल्या मुलानें अर्धा तास द्यावा. आणि त्या दोन-तीन महिन्यांत तिचा पगार चालू ठेवावा. त्यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

येथवर मी आईविषयीं बोललों. पण घरांत सांभाळावें लागतें तें केवळ तान्हें मूलच नव्हे. १९९६ सालीं माझ्या आईला पक्षाघात झाला आणि ती चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. माझी पत्नी त्या वेळीं वागळे इस्टेटींतील एका कारखान्यांत पॅकिंगच्या कामावर होती. अकरा वर्षांची नोकरी. प्रथम तिची शिल्लक रजा संपली, मग दोन महिने बिनपगारी झाले, मग तिनें राजीनामा दिला. आई माझी, राजीनामा तिचा. मीं रजा घ्यावी असें घरांत कोणी सुचविलें नाहीं, आणि खरें सांगतों, माझ्याहि मनांत तें आलें नाहीं. शाळेंत सोबती विचारीत, ‘आईचें कसें काय?’ मी सांगत असें, ‘ठीक. घरीं सगळें व्यवस्थित चाललें आहे.’

वृद्ध आईबापांचा सांभाळ करणें हें आपल्याकडे २००७ च्या कायद्यानें मुलांचें कर्तव्य ठरलें आहे. मुलानें टाळाटाळ केली तर आईबापांना न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. परंतु तो सांभाळ करण्यासाठीं खाजगी नोकरींतल्या मुलाला किंवा मुलीला पगारी रजा देणारा सर्वसाधारण कायदा नाहीं. कर्तव्य लिहिलें आहे, वेळ दिलेला नाहीं. सरकारी नोकरींत मुलांपुरती थोडी सोय झाली आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना एकशें ऐंशी दिवसांची बालसंगोपन रजा दिली. अनुदानित शाळांतल्या शिक्षिकाहि तींत आल्या. पत्नी हयात नसलेल्या, अथवा पत्नी असाध्य आजारानें अंथरुणास खिळलेली असलेल्या पुरुषालाहि ती मिळते. केंद्र सरकारच्या सेवेंतील पित्याला मूल झाल्यावर पंधरा दिवस मिळतात. खाजगी कचेऱ्यांत पित्याची रजा ही अजून मालकाच्या मर्जीची बाब आहे. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हिमाचल प्रदेशांतील एका प्राध्यापिकेच्या अर्जावर म्हटलें कीं, अपंग मुलाच्या आईला संगोपनाची रजा देण्याचा विचार राज्यानें केलाच पाहिजे. स्त्रीनें नोकरींत भाग घेणें ही मेहेरबानीची बाब नसून घटनेनें दिलेली गोष्ट आहे.

माझ्या मुलीनें गेल्या वर्षीं आपल्या सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं दहा दिवसांची रजा मागितली. जांवयानेंहि आपल्या कचेरींत दहा दिवसांची मागितली. तिला मिळाली. त्याला वरिष्ठांनीं विचारलें, ‘घरीं बायको नाहीं काय?’ डोंबिवलीच्या त्या घरांत अखेर दोघांनीं पांच-पांच दिवस वांटून घेतले. त्याचे पांच दिवस बिनपगारी गेले. तीस वर्षांपूर्वीं माझ्या घरीं एवढेंहि झालें नव्हतें.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. रजेचा अर्ज नेहमीं दोन प्रतींत लिहावा. एक प्रत कचेरींत द्यावी आणि दुसरीवर तारखेसह पोंच घ्यावी. पोंच देण्यास कोणी कांकूं केली तर अर्ज ई-मेलनें पाठवावा, म्हणजे तारीख आपोआप राहते. अर्जांत प्रसूतीची अपेक्षित तारीख, कोणत्या दिवसापासून रजा हवी तो दिवस, आणि आपल्या पश्चात् पैसे कोणास द्यावे त्याचें नांव लिहावें. पगाराच्या पावत्या, हजेरीचे उतारे, नेमणुकीचे हुकूम जपून ठेवावे. हंगामी असाल तर अधिकच जपावे, कारण खंड पाडलेल्या नेमणुकांतून ऐंशी दिवस मोजून दाखविण्याचें काम त्यांनींच होतें. नकार मिळाला तर तो लेखी मागावा. लाभ नाकारल्याचा हुकूम हातीं आल्यापासून साठ दिवसांच्या आंत अपील करतां येतें. ठाण्यास कामगार उपायुक्तांचें कार्यालय आहे; तेथें तक्रार करण्यास वकील लागत नाहीं, साध्या मराठींत लिहिलेला अर्ज चालतो. जातांना बरोबर कोणी तरी घेऊन जावें. बाळंतीण एकटी गेली तर तिला बाकावर फार वेळ बसवून ठेवतात.